‘शे’ची मात्रा

१४ नोव्हेंबर

सकाळी सकाळी डोक्याला ताप. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मुख्य भाऊंचं डोकं शेजारच्या भाऊंपेक्षा लहान दिसतंय म्हणे. कार्यकर्ते दुकानात ठाण मांडून. मी म्हटलं, शेजारच्यांचा फेटा उतरवते, आपोआप बरोबरीत येतील. नाना काउंटरवरून डोळे वटारतायत. मालक आहेत, वटारणारच. शेवटी मुख्य भाऊंना इतकं फुगवलं की त्यांचे कान फ्लेक्सच्या बाहेर गेले. सगळे खूश.

दुपारी अकीलचा फोन. धुळ्याला आर्टच्या डिप्लोमाला एका बाकावर होतो आम्ही. हा मधेच सोडून कॉम्प्युटरवर संगीत करायला लागला, मी पास होऊन फ्लेक्स करायला लागले. वर्षातून एकदा ईदला फोन करतो. आज ईद नाही. म्हटलं, कोण गेलं? तर म्हणे, "कोणी नाही गं वैशे. माझी रेकॉर्ड निघतेय. खरीखुरी. काळी, गोल, सुईवर वाजणारी." जर्मनीत कुठली तरी दोन माणसांची कंपनी आहे, ती काढतेय. तीनशे प्रती. कव्हर तू कर, म्हणतो.

हो म्हटलं. मग संध्याकाळपर्यंत एका पत्रिकेत वधूचं नाव वराच्या जागी टाकून ठेवलं होतं, ते नानांनी पकडलं.

१५ नोव्हेंबर

ऐकली. अकीलने मोबाईलवर पाठवलेली, कणीक मळताना, कानात इअरफोन घालून.

आधी काहीच नाही. शांत. मग लांबून एक म्हातारा आवाज ओरडतो, "शे!" आणि एकदम अकीलच्या अब्बांचे यंत्रमाग सुरू होतात. खटखट खटखट. तोच खटखटाट पुढे हा कापतो, ताणतो, खाली धम्म् करून ढोल टाकतो, वर काहीतरी चिलटासारखं गुणगुणतं. माझी मान आपोआप हलायला लागली. आई म्हणाली, मान धरली का गं?

रेकॉर्डचं नाव ‘शे’. पुण्याच्या मावसभावाला सांगितलं तर विचारतो, "किती शे? एकशे, दोनशे?" अरे बाबा, आहे. आपल्या अहिराणीत शे म्हणजे आहे. मूळचा धरणगावचा आणि विसरला. इंग्रजीत लिहायची तर सोयच नाही, एस एच ई, म्हणजे ‘ती’ झाली. कोण ती? त्यामुळे मराठी अक्षरच हवं, असं अकीलचं म्हणणं. हे त्याचं पहिलंच शहाणपणाचं म्हणणं.

भानगड एकच. जर्मनांकडे आधीच एक फोटो आहे. अब्बांचे हात, सूत धरलेले, सगळ्या सुरकुत्यांसकट. अकीलनेच कधीतरी पाठवला होता. त्यांना तो फार आवडलाय. माझं काम पसंत पडलं नाही तर हात लागणार कव्हरवर.

स्वतःशी खरं लिहायचं तर मला हे काम हवंय. फार हवंय. आत्तापर्यंत माझं एकही काम आठवड्याच्या वर भिंतीवर टिकलं नाही. मागे पिंप्राळ्यात एका गोठ्यावर माझाच फ्लेक्स ताडपत्री म्हणून बांधलेला पाहिला. भाऊंच्या हनुवटीखाली म्हैस रवंथ करत होती. तिथे खूप हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही. एक तरी गोष्ट अशी करावी की कुणीतरी ती घरात जपून ठेवेल.

१८ नोव्हेंबर

पहिलं डिझाईन पाठवलं. जांभळ्यातून सोनेरी, मधे शे, भोवती किरणं.

अकीलचं उत्तर: "बारसं कुणाचं आहे?"

मेला. पण बरोबर बोलला. हाताला वळण लागलंय, किरणं आपसूक फुटतात.

२२ नोव्हेंबर

नानांकडे रजा मागितली. लग्नसराईत रजा म्हणजे त्यांच्या काळजाचा तुकडा. "धुळ्याला काय ठेवलंय?" म्हणाले. मी म्हटलं, शे. ते म्हणाले, काय शे? मी म्हटलं, तेच बघायला चाललेय.

एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी. खिडकीची काच बंद होत नव्हती, गारठून गेले. अकील स्टँडवर. जाडा झालाय. त्यानेही मला तेच म्हटलं.

अब्बांची शेड. चालू मागांमध्ये उभं राहिलं की बोलणं ऐकू येतच नाही, छातीत वाजतं सगळं. आणि मग गेली लाईट. इतकं शांत झालं की मला वाटलं बहिरी झाले. अब्बा जागचे हलले नाहीत. गल्लीच्या दिशेने नुसते ओरडले, "दगाभाऊ, शे का?" समोर दगाभाऊंची पिठाची गिरणी. त्यांच्या दाराशी खांब आहे, त्यावरचा दिवा त्यांनाच दिसतो. तिकडून उत्तर, "नही शे!" मग चहा आला. मग गप्पा. दगाभाऊंचा आवाज पुन्हा कधी येतो त्याकडे सगळ्यांचा एक कान. आणि आला.

"शे!"

अब्बांनी खटका मारला, शेजारच्याने मारला, बठ्ठे माग एकदम सुरू. रेकॉर्डवर आहे तो हाच आवाज. दगाभाऊंना माहीतच नाही की ते जर्मनीला चाललेत.

अब्बांना त्यांच्या हातांचा फोटोही माहीत नव्हता. अकीलने सांगितलं नव्हतं. मीच बोलून गेले. त्यांनी दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले, म्हणाले, "हाथ? अरे बेटा, गाने की रेकॉर्ड है या डागदर का पोस्टर?" अकील खाली बघत बसला. जेवताना त्याच्या ताटातली शेवभाजी तशीच.

येताना अब्बांनी कोऱ्या कापडाचा एक तुकडा दिला. पांढरा नाही, पिवळाही नाही. कच्चा रंग.

२३ नोव्हेंबर

कव्हर त्या कापडाच्या रंगाचं. वर काळं अक्षर. बाकी काही नाही. किरणं नाहीत!!

२६ नोव्हेंबर

तीन दिवस हाताने शे काढतेय. बोरूने, ब्रशने, आईच्या सुपारीच्या अडकित्त्याची धार शाईत बुडवून. सगळे ‘कलात्मक’ होतात. फाडले. आज दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव टाकायचं काम आलं. तो आपला जाडा फाँट, ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’वाला. सहज त्यात टाईप केलं: शे.

बसला की! घट्ट, ठाम, जागचा न हलणारा. दगाभाऊंचा आवाजच. नाना मागून म्हणाले, "कुणाची ट्रॉली?"

पाठवून दिलं.

१ डिसेंबर

मेल आला! जर्मनाला आवडलं! (नाव योनास. फोटोत टोपी घालून बसलेला, वय कळत नाही.) "फार धाडसी, अमूर्त, एकदम नवं." हातांचा फोटो बाजूला ठेवतो म्हणाला. छापायला घेतो म्हणाला.

आईने शिरा केला. नानांना सांगितलं, तेही म्हणाले, "बरं झालं." नानांकडून एवढं म्हणजे सत्कारच.

२ डिसेंबर

प्रूफ आलं आज. उघडलं आणि बघते तर काय.

श एकटा. बोडका. आणि त्याची मात्रा पार उजव्या कोपऱ्यात, टिंबटिंबांच्या रिकाम्या गोलावर जाऊन बसलेली. फाईल कर्व्ह करायची राहिली. मी! जी रोज गिऱ्हाइकांवर खेकसते, "कर्व्ह केली का? नाहीतर अक्षरं उडतील, मग माझ्या नावाने बोंबलू नका." अक्षराची आकृती करून पाठवायचा एवढासा सोपस्कार, तो विसरले. त्यांच्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही, त्याने मात्रा उचलून दिली फेकून.

आणि योनासला आवडलंय ते हेच. धाडसी म्हणे. अमूर्त म्हणे. अरे, तुटलंय ते!

नानांनी पाहिलं. हसून हसून खोकला लागला. "जळगावात सगळ्यांना कर्व्ह शिकवते आणि स्वतःची मात्रा उडाली!" प्रूफची प्रिंट काढून माझ्या टेबलासमोर चिकटवली, आठवण राहावी म्हणून. दुष्ट माणूस.

अकीलला फोन केला. त्याने आधीच पाहिलं होतं.

"वैशे, गप बैस. पास झालंय."

"अरे, तो शे नाही."

"त्यांना कुठे वाचता येतं?"

"दगाभाऊंना येतं."

तो उखडला. मग म्हणाला, "खरं सांगितलंस तर ते पुन्हा हातांवर येतील. तुझं कव्हर जाईल आणि अब्बांचे हात लागतील. दोन्ही तुझ्यामुळे." आणि ठेवला फोन.

अकल्या, नीट बोलता येत नाही का तुला?

४ डिसेंबर

दोन दिवस झाले, कळवलेलं नाही. गप्प बसले तर तीनशे घरांत माझं काम. मला हवं होतं अगदी तेच. आणि तीनशेच्या तीनशे ठिकाणी चुकलेलं. जर्मनीत कोणी हसणार नाही. पण धुळ्यात एक प्रत येईल ना. अब्बा ती समोर नेऊन दाखवतील, दगाभाऊ चष्मा लावून वाचतील, म्हणतील, हे काय, नुसता श? माझ्या तोंडाला मात्रा नाही का?

नाही जमणार मला. पाठवला मेल. मोडक्या इंग्रजीत सगळं खरं लिहिलं, बरोबर फाईल जोडली. कर्व्ह करून.

७ डिसेंबर

उत्तर. गोड भाषेत. खरं सांगितलंस याचा आदर वाटतो वगैरे. पण बरोबर अक्षर "जरा साधं" वाटतं, आधीच्यात गंमत होती. तर मग हातांचा फोटोच घेऊ या.

साधं. हो, साधंच आहे. आहे हा शब्द साधाच असतो.

चिडले, रडले, मग बोदवडच्या एका दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स केला. भरपूर किरणं टाकली.

९ डिसेंबर

अकीलचा फोन नाही. मीही केला नाही.

११ डिसेंबर

सगळं क्रमाने, नीट लिहिते.

दुपारी पाचोऱ्याचे एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका बघायला आले. त्यांना खिडकीचं कार्ड हवं होतं. बाहेरच्या पाकिटाला गोल भोक, आतल्या कार्डावरचा गणपती त्यातून दिसतो. कार्ड बाहेर ओढलं की गणपती गेला, आत सरकवलं की आला. काका लहान मुलासारखे आत-बाहेर, आत-बाहेर करत बसले. "आते शे... आते नही शे... आते शे." मी कंटाळून समोर बघितलं. समोर नानांनी चिकटवलेलं प्रूफ.

एकीकडे श. दुसरीकडे गोलावर मात्रा.

गोलावर!

मात्रा उडाली नाही, ती रेकॉर्डवर जाऊन बसलीय! तिथेच राहू दे की. बाहेरच्या कव्हरवर फक्त श, आणि त्याच्या डोक्यावर मात्रेच्या आकाराची खिडकी. आतल्या पाकिटावर काळा रंग. रेकॉर्ड पाकिटासकट आत असली की खिडकी काळी दिसणार: शे. बाहेर काढली की खिडकी रिकामी, नुसता श. नही शे. कव्हर स्वतःच सांगेल, आहे की नाही ते.

काकांना म्हटलं, तुमच्या पत्रिकेचं काम मी जीव ओतून करते. ते घाबरले.

अकीलला फोन केला. सगळं ऐकलं त्याने. मग हळूच, "वैशे, सॉरी गं. त्या दिवशी लईच बोललो." मी म्हटलं, ते नंतर. आधी रविवारी जळगावला ये.

१४ डिसेंबर

अकील आला. आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली. त्याने इतकं खाल्लं की आई त्याच्यावर आयुष्यभर प्रेम करणार.

मग दुकान. रविवारचं बंद, पण नाना चावी घेऊन हजर. "मशीन लग्नाच्या ऑर्डरींसाठी आहे, असल्या थेरांसाठी नाही," असं बोलत बोलत स्वतःच कापायची डाय बसवत होते. खिडकी कापली. पहिली वाकडी. दुसरीत मात्रा श पासून सुटली. तिसरी बसली.

आता मोजायला खरी रेकॉर्ड कुठून आणणार? अकीलकडे एकही नाही, त्याची स्वतःची अजून निघायचीय, बाकी सगळं संगीत मोबाईलमध्ये! नाना उठून घरी गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी तबकडी घेऊन आले. त्यांच्या लग्नात वाजलेली. वाजवायचं मशीन केव्हाच भंगारात गेलं, तबकडी ठेवलीय. "ओरखडा पडला तर बघा," म्हणाले.

काळ्या पाकिटात घातली, आत सरकवली.

शे.

अकीलने बाहेर काढली. श. आत घातली. शे. त्याचे डोळे भरले होते, तो म्हणाला भाकरीचा ठसका.

घरी आईला दाखवलं. तिने पाकीट आडवं घातलं. तरी शे. उलटं घातलं, तरी शे. अख्खं पाकीट काळं आहे म्हणून बरं. मधे एकदा मनात आलं होतं तशी पाकिटावर फक्त मात्रा छापली असती तर आईने पहिल्या फटक्यात नापास केलं असतं.

१६ डिसेंबर

अकीलने नानांची तबकडी उसनी नेऊन व्हिडिओ केला आणि योनासला पाठवला. त्यात अब्बा आहेत. तोंड, आवाज, सगळं, त्यांच्या मर्जीने. कव्हर धरून गल्लीत ओरडतात, "दगाभाऊ, शे का?" समोरून, "शे!" मग रेकॉर्ड बाहेर काढतात आणि दगाभाऊंना कव्हर दाखवतात. दगाभाऊ चष्मा लावून म्हणतात, "आते नही शे." आणि दोघं म्हातारे असे हसतात की कॅमेरा हलतो.

मी आतापर्यंत वीसेक वेळा पाहिला असेल.

१९ डिसेंबर

योनासचं उत्तर एकाच ओळीचं: आम्ही दोघंही दुपारभर तुमचे दोन म्हातारे बघतोय.

मग दुसरा मेल, कामाचा. कल्पना फार आवडली. पण त्यांच्याकडचा छापखाना अशी खिडकी कापून देत नाही. जळगावला होत असेल तर एक नमुना पाठवा. त्यांच्या रेकॉर्डवर नीट बसला, प्रवासात खिडकीच्या कडा फाटल्या नाहीत, तर सगळी कव्हरं तुम्हीच करा. नाही तर वेळ उरत नाही, फोटो लावावा लागेल.

फोटोला अब्बांनी आता सरळ नाही म्हटलंय. अकीलने तेही कळवलं. मग काय लावणार ते, देव जाणे. कोरंच निघेल.

नानांना विचारलं, सगळी कापायला मशीन देणार का? लग्नसराई ऐन भरात. कपाळाला हात लावून म्हणाले, "किती?" तीनशे, म्हटलं. "शे कमी कर," म्हणाले. मग स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले की हो म्हणून गेले.

२० डिसेंबर

नमुना पाठवला. पुठ्ठ्यात पुठ्ठा, त्यात अब्बांच्या कोऱ्या कापडाचा तुकडा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत: मुखपृष्ठ, वैशाली, जळगाव. कर्व्ह तीनदा तपासली. नाना म्हणाले, मात्रा लागू पडो.

२६ डिसेंबर

काही नाही. नाताळ आहे त्यांचा.

३० डिसेंबर

पार्सल पोचलं असं दिसतंय. कोणी उघडलं का, कळत नाही. दुकानात नववर्षाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, मुंडकीच मुंडकी. मी कधी नव्हे ते हसतमुख, गिऱ्हाइकं संशयाने बघतात.

आई अमळनेरची, तिला आता चाळाच लागलाय. मी मोबाईल हातात घेतला की स्वयंपाकघरातून ओरडते, "शे का?" मी ओरडते, "नही शे!" शेजारच्या काकूंना वाटतं आमच्याकडे रोज लाईट जाते.

४ जानेवारी

सकाळी अकीलचा फोन. अब्बांच्या शेडमध्ये कव्हरचा एक नमुना खिळ्याला टांगलाय. त्यात रेकॉर्ड नाही, म्हणून नुसता श. येणारा-जाणारा विचारतो, अब्बा, ये क्या है? ते म्हणतात, "रुको. लाईट आएगी."

गोठ्यावर नाही, भिंतीवर आहे. जर्मनीचं काही का होईना, एक तरी लागलं भिंतीवर. आज ते पुरेसं वाटलं. खोटं कशाला लिहू, अर्धवट पुरेसं वाटलं.

६ जानेवारी

चहा घेत हे लिहायला बसले आणि मोबाईल वाजला. मेल आहे. योनासचा. विषयाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही. उघडायला बोट पुढे होत नाहीये.

आईला आवाज ऐकू गेला. स्वयंपाकघरातून ओरडतेय, "वैशे, शे का?"

थांब. बघते.